जुन्या लाकडी घरात तीन रात्री: कपाळाला दोन टेंगळं, पाचपैकी साडेतीन तारे

आधी हिशोब. घराला पाच तारे, घर भाड्याने देणाऱ्याला दोन, सरासरी साडेतीन. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी जरा ऐसपैस बसा, कारण मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत आणि कुठल्याही घराबद्दल दोन ओळींत आटपणं मला जमत नाही.

लेक-जावई स्लोव्हाकियात नित्राला असतात. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ पासून तिथे चालू आहे, जावई त्यात आहे. आम्ही दोघं सप्टेंबरात गेलो. महिनाभर सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या सातव्या मजल्याकडे बघून झालं, तेव्हा जावयाला दया आली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने तीन रात्रींसाठी लिप्तोव भागात एक द्रेवेनित्सा घेतली. द्रेवेनित्सा म्हणजे लाकडी घर, कारण 'द्रेवो' म्हणजे लाकूड. आपल्या देवदारातलं 'दारु' आणि हे 'द्रेवो' मुळात एकच. हे कळल्यावर मला नादच लागला. दाराला ते 'द्वेरे' म्हणतात, धुराला 'दिम'. दाराचा आणि धुराचा प्रसाद पुढे मिळालाच.

घराचं आणि गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. कारण शेवटी सांगतो. रुझोम्बेरोक शहरापासून गाडीने वीस मिनिटं, एवढं पुरे.

नित्राहून बान्स्का बिस्त्रित्सापर्यंत रस्ता मोठा आणि सरळ आहे, तिथपर्यंत सौ. झोपल्या होत्या. पुढे दोनोवालीचा घाट लागला, धुकं उतरलं आणि गाडीत आपोआप आंबेनळी घाटाच्या गप्पा सुरू झाल्या. पोचेपर्यंत पाच वाजले होते. बाहेर थंडी ४ अंश.

मालक भेटत नाही. भिंतीला एक पेटी, त्याला आकडे, आकडे जुळवले की चावी. किल्ली मात्र जुनी, वीतभर लांबीची. कुलूप उघडलं, आनंदाने पाऊल आत टाकलं, आणि पहिलं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजलं (टेप माझ्या खिशात असतो, सौ. त्याला माझं जानवं म्हणतात): उंबरठा २२ सेंटिमीटर, त्याच्यावर चौकटीच्या आतली उंची १५७. माझी उंची १७०. दार ठेंगणं ठेवण्यात शहाणपण आहे. तापलेली हवा वर जाते, म्हणून दार उघडलं तरी खोलीतल्या वरच्या भागातली ऊब सहज बाहेर पडत नाही. हे मला टेंगूळ चोळताना समजलं आणि राग गेला. दुसरं टेंगूळ पहाटे बाथरूमला जाताना आलं, त्याला शहाणपण वगैरे काही नाही, झोप होती.

आता घर. तीन खणी. दारातून आत शिरलं की मधला भाग, त्याला 'पित्वोर' म्हणतात. पूर्वी इथेच चूल-भट्टी, इथूनच वर माळ्यावर जायची शिडी. एका हाताला 'इज्बा', म्हणजे राहायची खोली, रस्त्याच्या बाजूला. दुसऱ्या हाताला 'कोमोरा', धान्य-कपडे-पेट्या ठेवायची कोठी. त्याच्या पाठीला त्याच ओळीत, त्याच आढ्याखाली गोठा. म्हणजे गावाकडे तोंड करून माणसं आणि परसाकडे तोंड करून गुरं, सगळी एका छपराखाली. जुन्या स्लोव्हाक गावांतून अशी लांबट घरं रस्त्याला काटकोनात, शेजारी शेजारी उभी असतात. रस्त्याला दिसते ती फक्त अरुंद बाजू आणि वरचा फळ्यांचा त्रिकोण. आता कोमोरात दोन पलंग आहेत आणि गोठ्यात संडास-बाथरूम. टाइल्स गुळगुळीत, गरम पाणी भरपूर, या बाबतीत तक्रार नाही.

भिंत मात्र मी तासभर बघत होतो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे ओंडके आडवे, एकावर एक रचलेले, आतून-बाहेरून कुऱ्हाडीने सपाट केलेले. जाडी १६ ते १८ सेंटिमीटर. बोट फिरवलं की प्रत्येक घाव वेगळा लागतो, आणि घाव सगळे एकाच तिरप्याने. म्हणजे एकाच माणसाने, एकाच हाताने केलेलं काम. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत असे अडकवले आहेत की खाच बाहेरच्या टोकाला रुंद आणि आत निमुळती. वरून जितकं वजन येईल तितकी ती आवळत जाते. खिळा नाही. दोन ओंडक्यांच्या फटीत वाळवलेलं शेवाळ ठासून भरलेलं. एका जागी ते निघालं होतं. मी नखाने थोडं ओढलं तर तपकिरी, तंबाखूसारखं कोरडं. कितीतरी वर्षांपूर्वीचं असेल, पण दमट नाही, बुरशी नाही. खाली दगडाचं जोतं, वर तो सगळा लाकडाचा डोलारा, आणि जोत्यापासून पाणी दूर जावं म्हणून भोवती उतार दिलेला. आमच्या खात्यात एवढा उतार मिळवायला तीन पत्रं लिहावी लागत.

छताच्या मधोमध एक तुळई जाते. तिच्यावर १८८७ कोरलंय आणि शेजारी सहा पाकळ्यांचं फूल. या फुलाला कारागिराची कलाबिला लागत नाही, कंपास लागतो: वर्तुळ काढा, तीच त्रिज्या घेऊन परिघावर टोक ठेवत फिरा, सहाव्या वेळी बरोबर सुरुवातीला येता. नातू सहावीत आहे. त्याला पलंगावर उभा करून ती टोकाची भोकं दाखवली. कंपासचं टोक जिथे रुतलं होतं तिथला खळगा अजून आहे. पोराने मोबाइल बाजूला ठेवला. तीन दिवसांत हे दोनदाच घडलं.

इथपर्यंत पाच तारे. आता दोन.

खोलीत कोपऱ्यात 'पेत्स' आहे. पेत्स म्हणजे शेगडी म्हणावं तर लहान होतं आणि भट्टी म्हणावं तर मोठं. विटा-मातीचा, वरून हिरव्या चकचकीत फरश्या लावलेला, माणसाएवढा ठोकळा. कडेला बसायला बाक, माथ्यावर झोपायला जागा. तिथे पूर्वी घरातली म्हातारी माणसं आणि पोरं झोपत. जाहिरातीत याच पेत्सचा फोटो सर्वांत मोठा होता. लाकडंही छान रचून ठेवलेली. सूचना मात्र एकच कागद, वाय-फायच्या पासवर्डचा.

जावयाने फोनवर व्हिडिओ बघितला, मी चुलीचा अनुभव सांगितला, दोघांनी मिळून आग लावली, आणि पाच मिनिटांत अख्खी इज्बा धुराने भरली. डोळ्यांतून पाणी. लेकीने खिडक्या उघडल्या. खिडक्या वहीच्या दोन पानांएवढ्या, त्यातून कितीसा धूर जाणार! तेवढ्यात दार न वाजवता एक बाई आत आल्या. पंचाहत्तरीच्या, डोक्याला रुमाल, हातात सुरी. सुरी बघून सौ. दचकल्या. बाई सरळ पेत्सच्या मागे गेल्या आणि भिंतीतून डोकावणारी एक लोखंडी पट्टी हातभर बाहेर ओढली. धूर जणू नाव पुकारल्यासारखा वर गेला. "दिम," त्या वर बोट दाखवून म्हणाल्या. "धूम," मी म्हणालो. त्यांना वाटलं मी बरोबर उच्चार करायला शिकतोय, म्हणून त्यांनी मला पुन्हा एकदा सावकाश म्हणून दाखवलं.

लेकीला कामापुरती स्लोव्हाक येते. तिच्या आणि फोनच्या मदतीने कळलं ते असं. त्या पट्टीला 'शुबर' म्हणतात, ती धुराडं उघडते आणि बंद करते. आग लावताना पूर्ण बाहेर. लाकडं जळून निखारा झाला की ऊब कोंडून राहावी म्हणून आत ढकलायची. पण निखाऱ्यावर निळी ज्योत नाचत असेपर्यंत हात लावायचा नाही. निळी ज्योत दिसतेय आणि धुराडं बंद केलं तर माणूस झोपेतून उठत नाही. हे त्यांनी डोळे मिटून, मान कलती करून दाखवलं. मला कार्बन मोनॉक्साइड माहीत आहे, त्याला वास नसतो हेही माहीत आहे, पण पट्टी कुठे आहे हे माहीत नव्हतं. आणि भिंतीला त्या वायूचा इशारा देणारं यंत्रही नव्हतं. ९५ युरो रात्रीचं भाडं घेणाऱ्या माणसाने वाय-फायच्या कागदाखाली तीन ओळी लिहायला काय हरकत होती? दोन तारे मी याचे कापले. उरलेला एक कापला तो ४० युरो साफसफाईचा, जो पहिल्या पानावर कुठेच नव्हता आणि पैसे भरताना उगवला.

एकदा जमल्यावर पेत्ससारखी वस्तू नाही हो. तापायला साडेतीन तास घेतले. आम्ही कोट घालून जेवलो. पण मग ती जड माती सकाळपर्यंत हळूहळू ऊब सोडत राहिली. फॅन नाही, भणभण नाही, घसा कोरडा पडत नाही. नातू वर चढून झोपला (तो दुसरा प्रसंग). रात्री दोनला उठून मी पाठ टेकवली. तेव्हाही फरशी कोमट होती.

त्या बाईंना आम्ही 'तेता' म्हणू लागलो, म्हणजे आत्या-मावशी-काकू जे म्हणाल ते. सुरी कशाला होती ते दुसऱ्या दिवशी कळलं. ऑक्टोबर म्हणजे कोबीचा महिना. अंगणात कोबीचे गड्डे रचलेले, आणि तेता ते एका लांब फळीवर घासत होत्या. फळीत तिरपी पाती बसवलेली, वर सरकणारी पेटी, पेटीत अर्धा गड्डा. बारीक किसून लाकडी पिंपात थर द्यायचा, मीठ, शहाजिऱ्यासारखं एक जिरं, मधूनच सफरचंदाची फोड, आणि दाबायचं. पूर्वी घरातल्या पोराचे पाय धुऊन त्याला पिंपात उतरवत आणि तुडवायला लावत. तेता लहानपणी तुडवायच्या. आता मुठीने दाबतात. वर फळी, फळीवर नदीतला गोटा. सौ.नी गोटा बघितला आणि पदर खोचला. खारातल्या कैऱ्यांवर ठेवतो तोच गोटा, तोच हिशोब: फळ पाण्याखाली राहिलं पाहिजे. पुढचा एक तास दोघी किसत होत्या आणि एक अक्षर समान नसताना बोलत होत्या.

तेता स्वतः लाकडी घरात राहत नाहीत. जन्म त्याच रांगेतल्या द्रेवेनित्सेत झाला, पण १९७४ साली नवऱ्याने ती पाडली आणि विटांचं चौकोनी, दोन मजली घर बांधलं. स्लोव्हाकियात कुठल्याही गावातून जा, ही चौकोनी घरं दिसतात. साठच्या दशकापासून लोकांनी लाकूड पाडून वीट उभी केली, कारण त्यांना नळ, न्हाणीघर आणि सरळ उभं राहता येईल असं दार हवं होतं. जी लाकडी उरली ती बरीचशी शहरातल्या लोकांनी शनिवार-रविवारसाठी घेतली. तेतांनी आम्हाला विचारलं की तुम्ही तिथे झोपायला पैसे का देता. जावयाला उत्तर सुचेना. मी गप्प होतो, कारण आमचं राजापूरकडचं मातीचं घर १९९६ साली पाडून स्लॅब टाकला तेव्हा नकाशा मीच काढला होता.

आता व्लकोलिनेत्सविषयी, कारण या घरात राहण्याचं ते एक मोठं कारण ठरू शकतं. रुझोम्बेरोकच्या हद्दीतच, सिदोरोवो डोंगराखाली, समुद्रसपाटीपासून ७१८ मीटरवर ही वाडी आहे. कागदोपत्री पहिला उल्लेख १३७६ चा, आणि १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. नाव लांडग्यावरून आलंय, 'व्लक' म्हणजे लांडगा. युनेस्को मोजते त्या ४५ इमारती आहेत. १९४४ च्या नाझींविरुद्धच्या स्लोव्हाक उठावात जर्मन सैन्याने काही घरं जाळली, तरी मूळ मांडणी शाबूत आहे. गाडी बाहेर लावून चालत जायचं, थोडंसं प्रवेशशुल्क द्यायचं. रस्त्याच्या मधून लाकडी पाटातून पाणी वाहतं, वाटेत १८६० ची ओंडक्यांनी बांधलेली विहीर आहे आणि तिच्याजवळ १७७० चं लाकडी घंटाघर. घंटाघराचं लाकूड राखाडी-चंदेरी झालंय, हात लावला तर रेशमासारखं लागतं.

घरं मात्र लाकडी दिसतच नाहीत, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर माझ्या सौ.सारखं "अहो, ही तर रंगवलेली!" होईल. ओंडक्यांवर मातीचा लेप आणि त्यावर चुना, कुठे पांढरा, कुठे फिकट निळा. लेप दिल्याने फटी बुजतात, वारा थांबतो, कीड कमी लागते आणि ठिणगी लगेच पेट घेत नाही. ज्या घरात लेप गळून पडलाय तिथे खाली कुऱ्हाडीचे घाव दिसतात. मी अशी गळालेली जागा शोधत फिरत होतो. बाकी लोक त्याच जागा टाळून फोटो काढत होते. एक घर शेतकऱ्याचं घर म्हणून संग्रहालय केलंय, तिथे आत जाता येतं. इतर ठिकाणी जाऊ नका. कायमची राहणारी माणसं वीसच्या आत आहेत, आणि एका खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघणारा मनुष्य मी डोळ्यांनी पाहिला. आत एक आजोबा सूप पीत होते.

जेवणाचं थोडक्यात. लाकडी कोलिबात, म्हणजे धनगरी झोपडीच्या धाटणीच्या हॉटेलात, 'ब्रिन्द्झोवे हालुश्की' मागवली. बटाटा किसून पिठात कालवायचा, भोकांच्या पळीतून उकळत्या पाण्यात पाडायचा, वर मेंढीच्या दुधाचं मऊ, खारट, उग्र चीज, ज्याला ब्रिन्द्झा म्हणतात. त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे येतात. शाकाहारी असाल तर तीनदा सांगा. आम्ही दोनदा सांगितलं, तर वेगळ्या वाटीत आले. सोबत झिन्चित्सा, मेंढीच्या दुधाच्या निवळीचं आंबट पेय. सौ. म्हणाल्या, ताकाने परदेशात शिकून आल्यासारखं वाटतंय.

परतताना सरळ नित्राला न जाता झिलिनावरून चिच्मानीला गेलो. दीडेक तास जास्त लागला आणि वसूल झाला. इथली घरं उलट: लाकूड उघडं, काळपट, आणि त्यावर पांढरी नक्षी. १९२१ मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला, पुन्हा लाकडीच बांधला. दुशान युर्कोविच या नामांकित वास्तुविशारदाचा त्यात हात होता. १९७७ पासून गाव संरक्षित आहे. नक्षी बघून लेकीला वारली आठवली, सौ.ना रांगोळी. मला नक्षी कुठे आहे ते बघायचं होतं. ती सगळ्यात दाट आहे कोपऱ्यांवर, जिथे ओंडक्यांची कापलेली टोकं बाहेर येतात. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून आणि चिरतंही तिथूनच. म्हणून बायका तिथे चुना फासत. फासता फासता भरतकामातले नमुने उतरले आणि हळूहळू सगळी भिंत भरली. एका घराच्या कोपऱ्यावर पांढऱ्या चौकड्यांच्या खाली जुने, जाड, नुसतेच ओढलेले पट्टे पुसट दिसत होते. मला ते जास्त आवडले. त्याचा फोटो काढला तर एक माणूस थांबून विचारू लागला की यात काय आहे.

पुढे फाच्कोव्स्के खिंडीतून उतरलो की डाव्या-उजव्या डोंगरांतून एक ओहोळ सोबत यायला लागतो. तीच नित्रा नदी, लेकीच्या फ्लॅटखालून वाहते ती.

जाणार असाल तर: ऑक्टोबरात दुपारी दोनच्या आत पोचा आणि आधी पेत्स पेटवा, सामान नंतर. माळ्याची शिडी गुडघेदुखीवाल्यांसाठी नाही, ७० अंशांचा चढ आहे. उंची पाच फुटांच्या आत असेल तर डोक्याची काळजी नाही. दुकान दोन किलोमीटरवर, रविवारी बंद. वायूचा इशारा देणारं बॅटरीचं यंत्र स्वतःचं घेऊन जा, २५-३० युरोला मिळतं.

नावाचं कारण असं. निघताना मी तेतांकडून शुबरच्या तीन ओळी स्लोव्हाकमध्ये लिहून घेतल्या, लेकीने इंग्रजीत उतरवल्या, मी पट्टीचं चित्र काढून कुठे ओढायचं तिथे बाण दाखवला, आणि त्याचा फोटो मालकाला पाठवला. सोबत लिहिलं की हा कागद पेत्सशेजारी चिकटवा आणि यंत्र बसवा, मग मी तारे वाढवीन आणि घराचं नाव सगळ्यांना सांगेन. त्याचा अंगठा आलाय. अंगठ्यावर मी खात्यात कधी बिल पास केलं नाही. डिसेंबरात जावयाचे एक मित्र तिथे जाणार आहेत, त्यांना भिंतीचा फोटो पाठवायला सांगितलंय.